शेकोटीवरून शेवटी कोण उठतो?

(नाशिक येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या बैठकीत माझ्या आधी शिक्षणावर बोलणं झालं, शिष्यवृत्तीवर झालं, मतदार यादीवर झालं. मला जो विषय दिलाय तो ऐकून मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती मी ऐकली. विषय आहे, शेकोटी कशी विझवायची. यात काय शिकवायचं? पाणी टाकलं की विझली! मीही असंच म्हणत होतो. नुसतं म्हणत नव्हतो, पगार घेऊन म्हणत होतो. मी अंबडच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. नवीन कामगार आला की त्याला आग म्हणजे काय, अग्निशामक सिलिंडर कसं वापरायचं, बाहेर कुठून पडायचं, हे मी शिकवतो. आणि माझ्याच घराच्या मागच्या अंगणात, माझ्याच हाताने ‘विझवलेल्या’ शेकोटीत माझा भाचा भाजला. म्हणून आज बोलायला उभा आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा शेवट. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको. इकडे आपण स्वेटर घालून कुडकुडतो, तिकडे निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी येते, आणि द्राक्षबागांमध्ये शेतकरी पहाटे उठून शेकोट्या पेटवतात. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून. तर अशाच थंडीत माझी आपा मुलांना घेऊन वडाळ्याला आमच्याकडे राहायला आली होती. रात्री जेवणं झाली. मागच्या अंगणात बांधकामाचं एक जुनं लोखंडी घमेलं पडलं होतं, त्याच्या शेजारी जमिनीवरच चार विटा मांडून आम्ही शेकोटी केली. गप्पा, चहा, शेंगा. साडेअकराला एकेक जण उठला. शेवटी मी उरलो. ज्वाळा नव्हती, लाल निखारे होते. बाजूला बांधकामाची उरलेली वाळू होती. मी घमेलं भरून वाळू आणली, निखाऱ्यांवर पसरली, पायाने दाबली. धूर बंद. उजेड बंद. विटा उचलून बाजूला ठेवल्या आणि झोपायला गेलो.

सकाळी सातला मुलं अंगणात. भाचा तेव्हा चार वर्षांचा. त्याला काय दिसलं? वाळूचा ढीग. मुलाला वाळूचा ढीग दिसला की तो काय करतो? अनवाणी धावत गेला आणि दोन्ही पायांनी उडी मारली.

ती किंकाळी मी अजून विसरलो नाही. साडेसात तास झाले होते त्या वाळूला. वरून हात लावला तर जेमतेम कोमट. आणि खाली दोन बोटांवर निखारे जसेच्या तसे. त्याचे पाय घोट्यापर्यंत आत गेले होते. लहान मुलाला पाय लगेच मागे घ्यायचंही सुचत नाही. तो तिथेच उभा राहून ओरडत होता.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. घरात धावपळ. कुणीतरी टूथपेस्ट आणली, पायाला फासली. कुणी म्हणालं बर्फ आणा. मी, जो कारखान्यात प्रथमोपचाराचे तक्ते भिंतीवर लावतो, तो मी नुसता उभा होतो. दवाखान्यात डॉक्टरांना आधी ती टूथपेस्ट पुसून काढावी लागली. जळालेल्या कातडीवरून पुसताना तो जो रडला, ते भाजण्यापेक्षा भयंकर होतं. सव्वा महिना तो पायावर उभा राहिला नाही. आज तो धावतो, शाळेत जातो, अल्लाहचा शुक्र आहे. उजव्या पायाच्या बोटांमध्ये व्रण आहे, तो राहील. पण दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी त्याने मला विचारलं, “मामू, आग तो बुझ गई थी ना?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दादीकडे होतं. ती खाटेवर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, “तू वाळू टाकलीस? अरे, आम्हाला आग टिकवायची असली की आम्ही असंच करायचो.”

हे वाक्य नीट ऐका. आपल्या आजी-पणजीच्या काळात घरात चूल होती. काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती. रात्री स्वयंपाक झाला की बाई चुलीतले निखारे एका बाजूला ओढायची, त्यात एखादी गोवरी पुरायची आणि वरून राख सारायची. सकाळी राख बाजूला केली की खाली लाल विस्तव तयार. फुंकर मारली की चूल पेटली. गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, मग ती शेख असो, पाटील असो की गांगुर्डे, सगळ्यांकडे हीच रीत होती. म्हणजे जी कृती मी आग विझवण्यासाठी केली, ती पिढ्यानपिढ्या आग जिवंत ठेवण्याची कृती होती. दादी शाळेत गेलेली नाही. मी डिप्लोमा केलाय. आग तिला माहीत होती, मला आगीवरचा धडा माहीत होता.

असं का होतं, ते समजून घेऊ. आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. हे आपण शाळेत शिकलो. पण लाकूड जळतं तेव्हा खरं तर दोन वेगळ्या आगी असतात. पहिली ज्वाळा. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात, ते वायू हवेत पेटतात, ती ज्वाळा. तिला भरपूर हवा लागते, म्हणून झाकली की ती लगेच मरते. दुसरी आग निखाऱ्याची. वायू निघून गेल्यावर उरतो कोळसा. तो पृष्ठभागावर हळूहळू जळत राहतो. त्याला फार थोडी हवा पुरते. आणि राख किंवा कोरडी वाळू त्याच्यावर पसरली की ती गोधडीसारखं काम करते. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि वाळूच्या कणांमधून झिरपणारी थोडीशी हवा निखाऱ्याला पुरते. ज्वाळा झाकल्याने मरते, निखारा झाकल्याने जगतो. आपण फसतो ते इथे. डोळ्यांना दिसणारी आग गेली की आपण म्हणतो, आग गेली.

ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यावर, जंगलात तंबू टाकून शेकोटी करण्याची फार हौस. तिथे ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी शेकोटीत भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. बहुतेक मुलं पेटत्या ज्वाळेने भाजली नव्हती, निखाऱ्यांनी भाजली होती. मग त्यांनी शेकोट्या करून, विझवून, तापमान मोजलं. वाळूने झाकलेली शेकोटी आठ तासांनंतरही कातडी जाळण्याइतकी गरम होती. पाण्याने विझवलेली काही मिनिटांत निवली. दादीने खाटेवरून जे एका वाक्यात सांगितलं, तेच त्यांनी थर्मामीटर लावून सिद्ध केलं.

झाकलेल्या आगीचं मोठ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज. पोटात कापसाच्या हजारो गाठी आणि त्याच जहाजात स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. कापसाची गाठ आतल्या आत धुमसते, वरून पाणी मारलं तरी आग नेमकी कुठे आहे ते कळत नाही. अग्निशमन दलाचे जवान झुंजत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्या दिवशी ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचाही आहे, म्हणून आपण तो विसरणार नाही. कुठे ते जहाज आणि कुठे आपली शेकोटी, हे मला कळतं. पण धुमसणाऱ्या आगीचा स्वभाव दोन्हीकडे एकच.

आता कृती सांगतो. लिहून घ्या, किंवा मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

विझवण्याची सुरुवात पेटवण्याच्या आधी होते. शेकोटी कुठे करायची? विजेच्या तारेखाली नाही, झाडाखाली नाही, गॅस सिलिंडरजवळ नाही, लावलेल्या मोटारसायकलींजवळ नाही. वाळलेल्या गवतावर नाही. खाली उघडी माती असावी किंवा लोखंडी घमेलं विटांवर ठेवावं. नदीतले गोटे भोवती लावू नका. त्यांच्या आत मुरलेलं पाणी तापून त्याची वाफ होते आणि गोटा फुटतो, तुकडे अंगावर उडतात. आणि पहिली काडी ओढण्याआधी दोन बादल्या पाणी आणि एक लांब लोखंडी सळई शेजारी ठेवायची. पाणी आणायला नंतर कुणी उठत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

पेटवायला पेट्रोल, रॉकेल, थिनर, सॅनिटायझर काहीही वापरू नका. पेट्रोल ओतलं की त्याची वाफ जमिनीलगत पसरते. काडी ओढली की ती वाफ तुमच्या पायापर्यंत पेटते. नायलॉनची ओढणी, जॅकेट, झुळझुळीत कपडे सांभाळा. नायलॉन पेटत नाही तेवढं वितळतं, आणि वितळून कातडीला चिकटतं.

उठायचं ठरलं की त्याच्या पाऊण तास आधी लाकूड टाकणं बंद करा. जेवढं जळायचं तेवढं जळू द्या. मग सळईने निखारे पसरवा. ढीग ठेवू नका, कारण ढिगात निखारे एकमेकांना ऊब देत राहतात. आता वारा पाठीशी घेऊन उभे राहा आणि मगाने, हाताने पाणी शिंपडा. बादली एकदम उपडी करू नका. त्याने गरम वाफ आणि राख तोंडावर येते, आणि बरंचसं पाणी काही काम न करता वाहून जातं.

शिंपडणंच का? त्याचंही गणित आहे. एक लीटर पाणी साध्या तापमानापासून उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता घेतं, त्याच्या सुमारे सात पट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. म्हणजे निखाऱ्यावर जे पाणी वाफ होऊन उडालं, त्याने आगीतली उष्णता खरी पळवली. जे पाणी वाहून गेलं, त्याने फक्त अंगण ओलं केलं. येवला, नांदगाव, सिन्नरकडच्या मित्रांना पाण्याचं मोल मी काय सांगू? म्हणून थोडं थोडं शिंपडा. भांडी धुतलेलं पाणी चालतं, कपडे धुतलेलं चालतं.

शिंपडलं की सळईने ढवळा. खालचे वर, वरचे खाली. मोठ्या ओंडक्याचे अर्धे जळलेले तुकडे उलटे करून त्यांच्या भेगांत पाणी घाला. परत शिंपडा, परत ढवळा. चर्र आवाज थांबेपर्यंत. वाफ थांबेपर्यंत. पाणी अगदीच कमी असेल तर ओली माती घ्या, पण ती वर पसरू नका, निखाऱ्यांत कालवा. कालवणं वेगळं आणि झाकणं वेगळं, हा फरक मी भाच्याच्या पायांवरून शिकलो.

आता परीक्षा. तळहात नाही, हाताची मागची बाजू राखेच्या वर वीतभर अंतरावर धरा. ऊब लागते? म्हणजे विझलेली नाही. ऊब लागत नसेल तर हळूहळू खाली आणा. अगदी जवळ नेऊनही गरम लागलं नाही, तरच विझली. चिखल हाताला गार लागला पाहिजे. ‘दिसत नाही’ ही विझल्याची खूण नाही, ‘गार आहे’ ही खूण आहे.

एक इशारा. हे सगळं लाकडाच्या, कोळशाच्या शेकोटीबद्दल आहे. तेल-तुपाच्या कढईला आग लागली तर पाणी कधीच नाही, झाकण ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच बंद. ‘आग दिसली की पाणी’ हेही अर्धवट ज्ञानच.

आता राखेचं. राख प्लास्टिकच्या बादलीत भरायची नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात नाही. पत्र्याच्या डब्यात भरा, त्यात पाणी घाला, एक दिवस उघड्यावर राहू द्या, मग टाका. आपल्या शहरात सकाळी घंटागाडी येते. त्या गाडीत कागद, पुठ्ठा, प्लास्टिक सगळं असतं. त्यात तुमची गरम राख पडली तर गाडीतला कचरा पेटतो. आणि त्या कचऱ्यात हात कुणाचा असतो? सफाई कामगाराचा. रात्री बाराला कोपऱ्यावर शेकोटी करून गप्पा मारणारे आपण. पहाटे सहाला ती झाडणारी कोण? रस्त्यावर असेल तर महापालिकेची कामगार बाई, घरात असेल तर अम्मी. शेकोटीची ऊब आपण घ्यायची आणि तिचा चटका त्यांनी, ही वाटणी मला बरोबर वाटत नाही. तुम्हाला वाटते का?

आणि जाळता काय, तेही बघा. मी भद्रकालीच्या, सातपूरच्या, सिडकोच्या कोपऱ्यांवर टायर जळताना पाहिले आहेत. प्लायवूड, रेक्झिन, प्लास्टिकच्या पिशव्या. त्या धुराने ऊब मिळत नाही, छाती भरते. आपलं नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे, म्हणजे आपली हवा ठरलेल्या निकषात बसत नव्हती, म्हणून ते नाव तिथे आलं. उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार रुपये भरपाई, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला आहे. आगीच्या बाबतीत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे भीती घालायला सांगत नाही. कायदा याला ‘चुकून झालं’ म्हणून सोडत नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

यापुढचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इथे मोबाइल बाजूला ठेवा.

बाहेर थंडी आहे, शेकोटी संपत आली आहे, निखारे छान लाल झाले आहेत, धूर अजिबात नाही. कुणाच्या तरी मनात येतं, हे घमेलं आत नेऊ, दादीच्या खोलीत ठेवू, खिडकी लावून घेऊ, म्हातारीला ऊब मिळेल. यात प्रेम आहे. आणि यातच मृत्यू आहे. निखाऱ्याला पुरेशी हवा मिळत नाही तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरतं. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. थंडीत झोप आली तर कुणाला शंका येणार? उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं सकाळी उठत नाहीत. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं दगावतात, तो वायूही हाच. धूर नाही म्हणून निखारा निरुपद्रवी, असं समजू नका. धूर निदान खोकला आणून जागं करतो.

दादीला ऊब द्यायची असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या, पायमोजे द्या, दोन गोधड्या द्या. निखारा उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आणि अशा खोलीत कुणी सुस्त पडलेलं दिसलं, तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा.

मी धर्माचा अभ्यासक नाही. पण घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट नंतर मी शोधून वाचली. सहीह बुखारीत हदीस आहेत, की रात्री झोपण्याआधी घरातली आग विझवा, दिवा मालवा. कारणही दिलं आहे, दिव्याची वात उंदीर ओढून नेतो आणि घर पेटतं. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळालं, ती बातमी पैगंबर साहेबांपर्यंत पोहोचली, तेव्हाही त्यांनी हाच उपदेश केला. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हाही ईमानाचाच भाग मानला गेला आहे, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. मग कोपऱ्यावर सोडलेला गरम राखेचा ढीग ही रस्त्यातली इजा करणारी वस्तू नाही तर काय आहे? आणि ज्यांना संविधानातून समजून घ्यायचं असेल त्यांनी अनुच्छेद ५१क काढून वाचावा. पर्यावरणाचं रक्षण आणि सार्वजनिक मालमत्तेची काळजी ही नागरिकांची मूलभूत कर्तव्यं म्हणून तिथे लिहिली आहेत. दोन्हीकडून वाट एकाच शेकोटीपाशी येते.

इथे ट्रेकला जाणारे बरेच जण दिसतात. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी. गंगापूर धरणाच्या काठी तंबू टाकणारेही असतील. जानेवारी संपता संपता आपल्या डोंगरांवरचं गवत कडकडीत वाळतं. तिथे अर्धवट विझवलेली शेकोटी म्हणजे दुपारच्या वाऱ्याला दिलेलं आमंत्रण. अंजनेरीच्या डोंगरावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती आहे, तिच्या नावातच अंजनेरी आहे, इतकी ती त्या डोंगराची आहे. तिथे गिधाडं राहतात. ठाकर, कोळी, आदिवासी भावांची गुरं त्याच गवतावर जगतात. वणवा लागला की आपण फोटो टाकून दुःख व्यक्त करतो. त्याऐवजी डोंगरावर शेकोटी करूच नका. हे माझं स्पष्ट मत आहे. थंडी वाजत असेल तर जास्तीचं जॅकेट न्या.

आणि शहरात? जुन्या नाशकात लाकडी वाडे आहेत, गल्ल्या अशा की समोरून रिक्षा आली तर आपण भिंतीला चिकटतो. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातून बंब कितीही लवकर निघाला तरी शेवटचे शंभर पावलं तो येणार कसा? १०१ नंबर पाठ असू द्या, ११२ असू द्या, पण पहिली दहा मिनिटं गल्लीचीच असतात. त्या दहा मिनिटांत तिथे दोन बादल्या पाणी आहे का, हा खरा प्रश्न.

भाजल्यावर काय करायचं ते सांगून संपवतो, कारण मी ते वेळेवर केलं नाही. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. दोन मिनिटं नाही, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावून. लगेच जमलं नाही तरी पहिल्या तीन तासांत केलं तर फायदा होतो. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, शाई नाही. अंगठी, पैंजण, बांगडी सूज येण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. लहान मूल असेल तर भाजलेल्या भागावर पाणी, पण बाकीचं अंग पांघरुणात, नाहीतर ते गारठतं. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि दवाखाना गाठा. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा नाजूक जागा भाजली असेल तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. अंगावरचा कपडा पेटला तर पळू नका. थांबा, जमिनीवर आडवे व्हा, तोंड झाकून लोळा.

मित्रांनो, शेकोटी मला नकोशी झालेली नाही. उलट, या शहरात ज्या थोड्या जागा उरल्या आहेत जिथे वॉचमन, रिक्षावाला, पेपर टाकणारा पोरगा, बिहारहून आलेला सेंट्रिंगवाला आणि आपण एका वर्तुळात बसतो, कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही, त्यातली एक शेकोटी आहे. गोदाघाटावर उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला तर ती गरज आहे. त्याला ‘शेकोटी करू नको’ असं सांगण्याआधी आपण ब्लँकेट घेऊन जायला हवं. मी फक्त एवढंच म्हणतो, वर्तुळात बसताना एक माणूस ठरवा. आज विझवणारा कोण? त्याचं नाव पेटवण्याआधी घ्या. तो शेवटी उठेल, पाणी शिंपडेल, ढवळेल, हात धरून बघेल, आणि गार झाल्याशिवाय घरी जाणार नाही. उद्या दुसरा.

आणि फजरच्या नमाजला पहाटे निघणारे आपल्यात आहेत, काकडआरतीला निघणारे शेजारी आहेत. वाटेत कोपऱ्यावर राखेचा ढीग दिसला तर क्षणभर वाका, वरून हाताची मागची बाजू धरा. ऊब लागली तर बाटलीतलं पाणी शिंपडा, काडीने ढवळा, पुढे जा. कुणी बघणार नाही, कुणी आभार मानणार नाही. पण एक तासाने त्याच कोपऱ्यावर एखादं मूल अनवाणी खेळायला येणार असतं.

मागच्या डिसेंबरला आपा परत आली होती. भाचा आता आठ वर्षांचा आहे. तो स्वतःच म्हणाला, शेकोटी करू. मला धस्स झालं, पण केली. रात्री सगळे उठले, मी बादली घेऊन बसलो, आणि तो माझ्या शेजारी बसून राहिला. मी शिंपडलं, ढवळलं, तीनदा. शेवटी मी त्याचा हात धरून वरून फिरवला. तो म्हणाला, “मामू, अब ठंडी है.” मग आम्ही दोघं आत गेलो.